जुन्या मदरबोर्डच्या चिपसेटवरचं हीटसिंक गायब असेल तर नवीन कसं बसवायचं

जुना मदरबोर्ड हातात आला आणि चिपसेटची (प्रोसेसर, रॅम आणि बाकीचे भाग एकमेकांना जोडणारी) चिप उघडीबोडकी दिसली की बरेच जण एकतर "एकदा चालू तर करून बघू" म्हणत पॉवर देतात, नाहीतर जे हाताला लागेल ते हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा धातूचा तुकडा) दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या साध्या टेपने चिकटवून मोकळे होतात. कृपा करून दोन्ही करू नका. पंधरा-वीस वॅट उष्णता नखाएवढ्या सिलिकॉनमधून बाहेर पडत असते आणि वर काही नसेल तर ती चिप काही सेकंदात चटका बसेल इतकी तापते, आणि साध्या टेपने हीटसिंक चिकटतं खरं पण उष्णता वर जात नाही, म्हणजे दिसायला सगळं ठीक आणि आत चिप भाजतेय. ह्या कामात हीटसिंक किती मोठं आहे ह्याला लोक फार महत्त्व देतात, पण खरा फरक पडतो तो हीटसिंक चिपवर सपाट टेकलंय का आणि पुरेशा दाबाने टेकलंय का ह्याने. लहान हीटसिंक नीट बसवलेलं असेल तर ते कसंतरी बसवलेल्या मोठ्यापेक्षा शंभर पटीने बरं.

आधी बघा, हीटसिंक खरंच गायब आहे का

जुन्या बोर्डावर चिपसेटच्या दोन चिप असतात. प्रोसेसर आणि रॅमच्या मध्ये असते ती नॉर्थब्रिज, आणि खाली पीसीआय स्लॉट, हार्डडिस्कच्या साटा, आयडीई कनेक्टरच्या जवळ असते ती साउथब्रिज. नॉर्थब्रिजमध्ये मेमरी कंट्रोलर, ग्राफिक्स स्लॉटचं कनेक्शन आणि कधीकधी ऑनबोर्ड ग्राफिक्स एवढं सगळं असायचं त्यामुळे तीच जास्त तापते. इंटेलच्या ९४५जी ची कमाल उष्णता २२.२ वॅट दिलेली आहे, जी९६५ ची २८ वॅट, पी३५ ची १४.५ वॅट, आणि त्याच काळातली आयसीएच७ ही साउथब्रिज जेमतेम ३.३ वॅट. एएमडीने २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ पासून मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत नेला, इंटेलने २००८ मध्ये, आणि २००९ च्या पी५५ पासून इंटेलची एकच चिप उरली जिची उष्णता ४.७ वॅट आहे. म्हणजे तुमचा बोर्ड कुठल्या काळातला आहे त्यावर काम किती गंभीर आहे ते ठरतं.

आयसीएच७ सारख्या साउथब्रिजवर कित्येक कंपन्या मुळातच हीटसिंक लावत नव्हत्या, तेव्हा ती चिप उघडी दिसली म्हणजे काहीतरी हरवलंय असं लगेच समजू नका. मॉडेल नंबर बोर्डावर स्लॉटच्या आसपास छापलेला असतो, तो टाकून त्या बोर्डाचे फोटो शोधा आणि ताडून बघा. फोटो नाही मिळाला तरी बोर्डच सांगतो. चिपच्या तिरक्या कोपऱ्यांना दोन भोकं असतील, किंवा सोल्डर केलेले तारेचे दोन हुक उभे असतील, किंवा चिपवर वाळलेल्या थर्मल पेस्टचा (चिप आणि हीटसिंकच्या मध्ये उष्णता वाहून नेणारा लेप) नाहीतर गोंदाचा चौकोनी डाग असेल, तर तिथे हीटसिंक होतं. नॉर्थब्रिजच्या बाबतीत मात्र फार विचार करू नका, ती उघडी असेल तर हीटसिंक हवंच.

मेहनत घ्यायच्या लायकीचा आहे का बोर्ड

हीटसिंक शोधायला निघण्याआधी पाच मिनिटं बोर्ड उजेडात धरून नीट बघा. प्रोसेसरभोवतीचे कॅपॅसिटर वरून फुगलेत का, त्यांच्या डोक्यावरून किंवा बुडातून तपकिरी काही बाहेर आलंय का, कारण २००० च्या दशकातल्या खूप बोर्डांचा हाच आजार होता आणि तो असेल तर आधी तो दुरुस्त करायचा मग हीटसिंक. मग उघडी चिप बघा, टॉर्च तिरपी मारून. वर फोड आलाय, बारीक खड्डा पडलाय, भाजल्याचा रंग दिसतोय तर ती चिप गेली, आता वर काहीही बसवा. उघड्या सिलिकॉनचा एखादा कोपरा टिचलेला असेल तर थोडी आशा असते, कारण अगदी कडेचा टवका गेला तरी चिप चालू शकते, पण तडा आरपार गेलेला दिसला तर वेळ घालवू नका.

चिपचं तोंड कसं आहे, सगळं त्यावर अवलंबून

आता येतो मुख्य मुद्दा. चिपचे ढोबळ दोन प्रकार दिसतील. एक म्हणजे वरून काळं प्लास्टिक असलेली सपाट चौकोनी चिप, १९९८ च्या ४४०बीएक्स सारखी, हिच्यावर अक्षरं थेट प्लास्टिकवर छापलेली असतात, काही चिपवर प्लास्टिकच्या जागी धातूचं झाकण असतं, पण कामाच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच. दुसरा प्रकार म्हणजे हिरवी किंवा तपकिरी पातळ पाटी आणि तिच्या मधोमध आरशासारखा चकाकणारा लहानसा आयत, भोवती बाजरीच्या दाण्याएवढे कॅपॅसिटर. तो चकाकणारा आयत म्हणजे उघडं सिलिकॉन, ह्याला डाय म्हणतात, आणि ८६५, ९४५, ९६५ वगैरे नॉर्थब्रिज ह्याच जातीतल्या. पाटी ३४ मिलिमीटरची असली तरी उष्णता बाहेर येते ती फक्त त्या लहान आयतातून.

ह्याचा अर्थ काय होतो तो हिशोब करून बघा, फार सोपा आहे. समजा डाय १० बाय १० मिलिमीटर आहे आणि चिप २० वॅट उष्णता टाकतेय. पाव मिलिमीटर जाडीची थर्मल टेप, जिची उष्णता वाहून न्यायची क्षमता ०.६ (वॅट प्रति मीटर-केल्विन) च्या आसपास असते, ती मध्ये घातली तर फक्त टेपच्या खालच्या आणि वरच्या बाजूत ८० डिग्रीपेक्षा जास्त फरक पडेल. एक मिलिमीटर जाडीचा ३ क्षमतेचा सिलिकॉन पॅड घातला तरी फरक ६५ डिग्रीच्या वर. आणि ४ क्षमतेची साधी पेस्ट, नीट दाबून ०.०५ मिलिमीटर थर राहिला, तर फरक अडीच डिग्री. प्रत्यक्षात आकडे थोडे इकडेतिकडे होतील पण चित्र तेच राहतं. उलट तीच थर्मल टेप ३० मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या चिपवर, ३ वॅटसाठी वापरली तर टेपमुळे दीड डिग्रीसुद्धा पडत नाही.

म्हणून नियम असा ठेवा, उघडा डाय असेल तर पेस्ट आणि स्प्रिंगचा दाब, दुसरं काही नाही. प्लास्टिकची थंड चिप असेल तर थर्मल टेप खुशाल वापरा.

मापं घ्या, अंदाजपंचे नको

स्केल घ्या, व्हर्नियर असेल तर अजून छान. दोन भोकांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजा, तिरकं. हुक असतील तर दोन हुकांमधलं अंतर मोजा आणि हुकाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते लिहून ठेवा. मग उंची. इथे बरेच जण फसतात कारण बोर्ड रिकामा असताना जागा भरपूर वाटते. प्रोसेसरचा कूलर, रॅम आणि सगळ्यात लांब ग्राफिक्स कार्ड लावून बघा, कार्डाची मागची बाजू नॉर्थब्रिजच्या अगदी जवळून जाते, आणि रॅमच्या किंवा एजीपी स्लॉटच्या (जुन्या ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट) चापा उघडायला जागा राहते का तेही तपासा. साउथब्रिजवर तर लांब कार्ड सरळ वरूनच जातं, तिथे दहा मिलिमीटरपेक्षा उंच काही बसेलच असं नाही.

हीटसिंक कुठून आणायचं

सगळ्यात चांगला स्रोत म्हणजे त्याच काळातला मेलेला मदरबोर्ड, कारण हुक असो की पुशपिन (भोकात दाबून बसवायची प्लास्टिकची पिन), अंतर बऱ्याचदा जुळतं आणि स्प्रिंग, तारेची क्लिप सगळं सोबत मिळतं. जुन्या ग्राफिक्स कार्डांवरची लहान हीटसिंकपण चालतात. नवीन घ्यायचं तर सरकणाऱ्या दांड्यांचं युनिव्हर्सल नॉर्थब्रिज हीटसिंक बघा, दांड्या हव्या त्या अंतरावर सरकवता येतात त्यामुळे मापाची चिंता मिटते. हे काहीच नाही मिळालं तर जुना अ‍ॅल्युमिनियमचा प्रोसेसर कूलर हॅक्सॉने कापून घेता येतो, फक्त कापलेल्या कडा कानशीने घासून बोथट करा आणि साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, कारण अ‍ॅल्युमिनियमचा एक बारीक कीस बोर्डावर दोन पिनांमध्ये पडला तर शॉर्ट. कापायचं काम बोर्डापासून लांब करा, त्याच टेबलावर अजिबात नको.

दुसऱ्या बोर्डावरून काढलेल्या हीटसिंकचा तळ तपासा. स्टीलच्या पट्टीची कड तळावर आडवी, उभी, तिरकी धरून उजेडाकडे बघा, पट्टीखालून मधून प्रकाश दिसत असेल तर तळ खोलगट आहे. मग काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर ठेवून, पाणी टाकून, हीटसिंक गोल गोल घासा, नंतर ८०० आणि १२००. आरशासारखा चमकायची काही गरज नाही, सपाट झाला की बास.

सफाई

पॉवर केबल काढा, सीएमओएसचा सेल (बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी) काढा, बोर्ड लाकडी टेबलावर कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवा आणि काम सुरू करायच्या आधी आणि मध्ये मध्ये कॅबिनेटच्या धातूला हात लावत रहा म्हणजे अंगातली स्टॅटिक निघून जाईल.

चिपवर जुन्या पेस्टचा थर असतो किंवा गुलाबी-राखाडी मेणासारखा पदार्थ असतो, तो वर्षानुवर्षं तापून दगड झालेला असतो. ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन तो बोळा चिपवर दोन-तीन मिनिटं नुसता ठेवून द्या, पदार्थ मऊ पडतो, मग मधून बाहेर असं नाही, एकाच दिशेने पुसा. तरीही निघाला नाही तर जुन्या प्लास्टिकच्या कार्डाची कड वापरा. स्क्रूड्रायव्हर, ब्लेड, सुई चिपच्या जवळ आणायचं नाही, डायच्या भोवतीचा एक कॅपॅसिटर उडाला तर तो परत बसवणं जवळपास अशक्य. शेवटी स्वच्छ कापडाने एकदा पुसा आणि नंतर बोट लावू नका. हीटसिंकचा तळ पण असाच साफ करा.

बसवायची पद्धत

भोकं असतील तर दोन मार्ग. स्प्रिंगवाल्या प्लास्टिकच्या पुशपिन चांगल्या अवस्थेत असतील तर त्याच वापरा, पण जुन्या पिना उष्णतेने ठिसूळ होतात, टोकाचे दोन पाय नखाने हळूच दाबून बघा, चिरल्याचा आवाज आला किंवा पांढरी रेघ दिसली तर फेकून द्या. मला विचाराल तर एम३ चे (३ मिलिमीटर जाडीचे) बोल्ट जास्त भरवशाचे. बोल्ट बोर्डाच्या खालून वर घाला, डोक्याखाली नायलॉनचा वॉशर, वर आल्यावर हीटसिंकच्या कानातून बाहेर काढा, त्यावर जुन्या पुशपिनची स्प्रिंग, मग वॉशर आणि नट. नायलॉनचा वॉशर विसरायचा नाही कारण भोकाच्या भोवती तांब्याच्या बारीक रेघा (ट्रेस) जातात आणि बोल्टचं डोकं फिरताना वरचा हिरवा थर खरवडून टाकतं. एम३ आत जात नसेल तर एम२.५ घ्या पण ड्रिलने भोक मोठं करू नका, बोर्डाच्या आतल्या थरांमध्ये तांबं आहे जे तुम्हाला दिसत नाही. बोल्टची डोकी कॅबिनेटच्या पत्र्याला लागत नाहीत ना तेही बघा, बोर्डाखाली सहा-साडेसहा मिलिमीटरच जागा असते.

हुक असतील तर तारेची क्लिप लागते, आणि ह्या प्रकारात हीटसिंक पडायचं नेहमीचं कारण म्हणजे एक हुक सोल्डरमधून उपटून आलेला असतो. मागची बाजू उलटून बघा. भोक शाबूत असेल तर हुक परत सोल्डर करता येतो, पण तिथे बोर्डाचा ग्राउंडचा मोठा तांब्याचा थर उष्णता खेचून घेतो त्यामुळे २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न नुसतं चिकटून बसेल, ६० वॅटचं जाड टोकाचं घ्या, फ्लक्स लावा, हुकाचे पाय मागून थोडे वाकवा म्हणजे ओढ सगळी सोल्डरवर येणार नाही, आणि भोक भरून सोल्डर जाऊ द्या. पूर्ण गार झाल्यावर, वाट बघून, मगच क्लिप लावा. क्लिप लावताना एक टोक आधी अडकवा आणि दुसरं टोक चिमट्याने नाही तर पक्कडीने घट्ट धरून आणा, तार सुटली तर ती बोर्डावर ओरखडा काढते नाहीतर डोळ्याकडे येते.

भोकं नाहीत, हुक नाहीत आणि चिप प्लास्टिकची आहे, तर चिपएवढा थर्मल टेपचा तुकडा, आणि हीटसिंक अर्धा मिनिट सगळीकडून सारखं दाबून धरायचं. दोन भागांचं थर्मल इपॉक्सी टेपपेक्षा मजबूत असतं पण ते कायमचं समजा, नंतर काढायला गेलात तर चिप बोर्डावरून उपटून येऊ शकते. इपॉक्सी घेतलंच तर वीज न वाहणारं घ्या. आणि वजन कमी ठेवा, टॉवर कॅबिनेटमध्ये बोर्ड उभा असतो आणि जड हीटसिंक दिवसरात्र त्या चिकटवणीवर लोंबकळत राहतं.

पेस्ट आणि तिरकेपणाचा प्रश्न

उघड्या डायसाठी मसुराएवढा थेंब पुरतो, मधोमध. पण त्याआधी एक गोष्ट करा जी बहुतेक जण सोडून देतात. डाय लहान आणि हीटसिंक मोठं, त्यामुळे एका बाजूने दाबलं की हीटसिंक डायच्या कडेवर तिरकं उभं राहतं आणि तो कोपरा टिचतो. मूळ हीटसिंकच्या तळाला म्हणून चार फोमचे तुकडे असतात. तुमच्याकडे नसतील तर दाट फोमचे चार लहान तुकडे पाटीच्या चार कोपऱ्यांवर चिकटवा, डायपेक्षा किंचित उंच, दाबल्यावर बसतील असे, आणि कॅपॅसिटरवर येणार नाहीत असे.

आता हीटसिंक सरळ वरून खाली ठेवा, सरकवू नका. दोन्ही नट बोटाने टेकेपर्यंत फिरवा, मग एक अर्धा फेरा, दुसरा अर्धा फेरा, असं आलटून पालटून, स्प्रिंग साधारण अर्धी दबेपर्यंत. नट पूर्ण आवळून टाकायचा नाही, दाब स्प्रिंगने द्यायचा असतो, बोल्टने नाही. बोर्ड डोळ्याच्या रेषेत धरून बघा, चिपच्या भागात वाकलेला दिसला तर अर्धा फेरा सोडा.

मग सगळं परत काढा. हो, काढा. डायवर पेस्ट पातळ, जवळपास पारदर्शक आणि सगळीकडे सारखी दिसली, आणि हीटसिंकवर डायच्या आकाराचा स्वच्छ आयत उमटला, तर बसवणी बरोबर आहे. एका बाजूला जाड रेघ आणि दुसरीकडे कोरडं असेल तर हीटसिंक तिरकं आहे, फोम किंवा नट दुरुस्त करा. पेस्ट डायच्या मापाएवढ्या भागात टेकलीच नसेल तर फोम जास्त उंच आहे. ठीक झालं की पुसून नवीन थेंब लावा आणि पक्कं बसवा. ह्या तपासणीला दहा मिनिटं जातात आणि पुढची सगळी धाकधूक संपते.

चालू करून बघणं

कॅबिनेटमध्ये टाकायच्या आधी टेबलावरच चालवा, एक रॅम, प्रोसेसर कूलर, मॉनिटर, बास. नवीन सीआर२०३२ सेल घाला, जुना बहुतेक संपलेलाच असतो. पॉवर दिल्यावर बोट हीटसिंकच्या कडेला ठेवा. हळूहळू कोमट व्हायला लागलं तर उष्णता वर येतेय, हे शुभ लक्षण. दोन मिनिटं झाली तरी नॉर्थब्रिजचं हीटसिंक थंडगारच आहे आणि बोर्ड चालू आहे तर लगेच बंद करा, संपर्क होत नाहीये.

बायॉसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) पंधरा मिनिटं राहू द्या. जुन्या बोर्डांवर नॉर्थब्रिजचं तापमान दाखवणारा सेन्सर बऱ्याचदा नसतो, बायॉसमध्ये सिस्टम टेंपरेचर म्हणून जे दिसतं ते दुसऱ्याच कोपऱ्यातलं असतं. मल्टिमीटरसोबत थर्मोकपल मिळाला असेल तर त्याचं टोक हीटसिंकच्या तळाजवळ टेपने चिकटवा. इन्फ्रारेड थर्मामीटर वापरायचा तर चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर तो खूप कमी आकडा दाखवतो, म्हणून हीटसिंकवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा लावा आणि त्या तुकड्यावर नेम धरा. काहीच नसेल तर बोट, ५० डिग्रीला बोट धरून ठेवता येतं, ६० च्या पुढे दोन-तीन सेकंदात काढावं लागतं. हीटसिंकचा तळ ६० च्या आत राहिला तर मी त्याला चांगलं म्हणतो, ७० च्या वर गेला तर हवेची सोय करायला लागेल.

मग मेमटेस्ट८६+ ह्या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमचे दोन फेरे चालवा, ह्यात मेमरी कंट्रोलरला सतत काम असतं त्यामुळे नॉर्थब्रिज चांगली तापते. ऑनबोर्ड ग्राफिक्स असेल तर वर एखादा थ्रीडी टेस्ट अर्धा तास. स्क्रीनवर रंगीत ठिपके, मध्येच गोठणं, आपोआप रीस्टार्ट ही नॉर्थब्रिजची तक्रार, आणि यूएसबी सुटून परत जोडली जाणं, हार्डडिस्क गायब होणं हे साउथब्रिजकडे बोट दाखवतं. मेमटेस्टमध्ये एरर आले तर लगेच चिपसेटला दोष देऊ नका, रॅमची पट्टी बदलून परत चालवा.

सगळं झाल्यावर कॅबिनेट बंद करून परत तापमान बघा, कारण टेबलावर हवा मोकळी असते. बोर्डासोबत आलेला मूळ प्रोसेसर कूलर हवा खाली बोर्डाकडे फेकायचा आणि त्या हवेवरच नॉर्थब्रिज जगायची. तुम्ही टॉवर कूलर लावला असेल तर ती हवा आता वरून निघून जाते, आणि लहान हीटसिंक बिचारं एकटं पडतं. तेव्हा ४० मिलिमीटरचा पंखा हीटसिंकच्या पात्यांवर स्क्रूने बसवा, किंवा त्याहून चांगलं, ८० मिलिमीटरचा पंखा त्या दिशेने लावून हळू चालवा, कारण ४० चे पंखे पूर्ण १२ व्होल्टवर किरकिरतात आणि लवकर बंद पडतात. पंखा बोर्डावरच्या तीन पिनांच्या कनेक्टरला लावलात तर बायॉसमध्ये त्याचा वेग दिसेल आणि तो बंद पडला तर कळेल. बोल्ट वापरले असतील तर आठवड्याभराने नट एकदा बघून घ्या, पहिल्या काही वेळा तापून थंड झाल्यावर फोम थोडा बसतो आणि अर्धा फेरा देण्याइतकी ढिलाई येते.